शेक कसला, ते कुणी विचारलं नाही

रिपोर्ट पहिल्यांदा मी वाचला, कारण घरात इंग्रजी मलाच येत होतं.

आईच्या उजव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. पालघरच्या डॉक्टरांनी त्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. याला बायॉप्सी म्हणतात. आठ दिवसांनी पाकीट आलं तेव्हा डॉक्टर आत दुसऱ्या पेशंटकडे होते. कंपाउंडरने ते माझ्या हातात दिलं. बाकावर माझ्या शेजारी आई, पलीकडे बाबा. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी कागद बाहेर काढला. स्क्वेमस सेल कार्सिनोमा. मी कॉलेजात सायन्सला होते, त्यामुळे कळायला वेळ लागला नाही.

"काय लिवलंय, बाय?" आईने विचारलं.

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले.

पुढचे तीन महिने मी हेच करत राहिले. जे मला कळत होतं ते दुसरं कुणीतरी सांगेल, असं धरून चालले. ज्यांच्या घरात आता असं एखादं पाकीट येईल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजार समजावून सांगायला डॉक्टर आहेत. मला एवढंच सांगायचं आहे की दोन औषधपद्धतींच्या मध्ये एक माणूस उभा असतो आणि बहुतेक वेळा तो घरातलाच असतो.

आम्ही दांडीचे, समुद्रकाठच्या गावातले. आई बोंबील सुकवायची आणि बोईसरच्या बाजारात विकायला बसायची. बाबा जवळच्या अणुवीज प्लांटमध्ये फिटर. त्यांच्या नोकरीमुळे मला प्लांटच्या कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत मी दांडीची म्हणून गप्प असायची आणि दांडीत इंग्रजी शाळेची म्हणून. गप्प बसायची सवय आजारपणाच्या कितीतरी आधीची आहे.

हा कॅन्सर मिश्रीमुळे झाला असणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तंबाखू भाजून केलेली ही पूड आमच्याकडे बायका सकाळी दाताला लावतात आणि मग दिवसभर गालात ठेवतात. आईने त्याच दिवशी मिश्रीचा डबा बाहेर फेकला. "दात घासायला आता काय, कोळसा?" एवढंच तिने विचारलं.

आम्हाला मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या पहिल्या आठवड्याबद्दल काय लिहू? केसपेपरची रांग, रक्ताची रांग, एक्स-रेची रांग. एका खिडकीवर सांगत, सही वरच्या मजल्यावर मिळेल. वरच्या मजल्यावर म्हणत, शिक्का खाली. आई कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि माणसं बघायची. "आपल्या बाजारात पण एवढी माणसं येत नाय," ती म्हणाली. "आली असती तर बरं झालं असतं."

ठरलं ते असं. रेडिएशन, म्हणजे मशीनमधून निघणारे किरण गाठीवर सोडायचे. सोमवार ते शुक्रवार रोज, सहा आठवडे. मोठे डॉक्टर, म्हणजे विभागाचे प्रमुख, पहिल्याच दिवशी म्हणाले, "मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. हे लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

खंड पडू द्यायचा नाही. आमच्यासाठी सगळा प्रश्न एवढाच होता.

आईच्या गालावर जांभळ्या शाईने रेषा आखल्या. किरण नेमके तिथेच पडावेत म्हणून त्या रेषा सहा आठवडे पुसायच्या नव्हत्या. बाबांच्या चुलतभावाची माहीमला खोली होती. आई आणि मी आठवडाभर तिथे राहायचो आणि शनिवारी सकाळी दांडीला यायचो. बाबांना रजा मिळत नव्हती.

आता त्या शब्दाकडे येते.

हॉस्पिटलात रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. मशीनवरचे कामगार 'लाइट' म्हणतात. उत्तरेकडचे पेशंट 'सिंकाई' म्हणतात, मराठी पेशंट 'शेक'. बाबांनी शेक हा शब्द उचलला आणि दांडीत सगळ्यांना तोच सांगितला. मी एकदा विचारलं, तुम्ही तर रोज छातीला किरण मोजणारा फिल्म बॅज लावून कामाला जाता, तुम्हाला रेडिएशन हा शब्द माहीत नाही का?

ते चिडले. "माहीत हाय म्हणून तर बोलत नाय. प्लांटात कामाला जातो मी. दांडीत रेडिएशन म्हटलं की उद्या लोक म्हणतील, ह्याने कामावरून घरात आणलं. डॉक्टर मिश्री म्हणतात ते कोण ऐकणार? शेक म्हण. शेकाला कोण काय बोलतं?"

मला ते पटलं. मीही शेक म्हणू लागले.

तिसऱ्या आठवड्यात आईचं तोंड आलं. आतून पूर्ण सोललेलं, लाल. याला म्युकोसायटिस म्हणतात, म्हणजे किरणांमुळे तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीला सूज येते आणि जखमा होतात. तिला थुंकीसुद्धा गिळता येईना. बाहेरून गाल काळवंडला होता आणि सुजला होता. ओपीडीत सांगितलं तर उत्तर मिळालं, "होणारच. सगळ्यांना होतं." एक निळं औषध लावायला दिलं. ते लावलं की आई भिंतीकडे तोंड करून बसायची.

वजन घटत होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर राइल्स ट्यूब घालावी लागेल. नाकातून पोटात सोडलेली नळी, तिच्यातून पातळ अन्न द्यायचं. आई म्हणाली, नळी घातली तर मी परत यायची नाय. ती खरंच आली नसती.

त्या शनिवारी बाबा आम्हाला पालघरला वैद्यकाकांकडे घेऊन गेले. वैद्यकाका शिकलेले वैद्य होते. आयुर्वेदाची पदवी भिंतीवर होती. आमच्या गावातली निम्मी माणसं तापाला त्यांच्याकडे जात. त्यांनी आईची नाडी पाहिली, जीभ पाहिली, मग गालावरची सूज बोटाने हलकेच दाबली.

"मुंबईला काय उपचार चालू आहेत?"

"शेक देतात," बाबा म्हणाले.

"रोज?"

"रोज. शनिवार-रविवार नाय."

"बरं आहे. सुजेला शेक चांगलाच."

मी तिथेच होते. स्टुलावर, आईची पिशवी धरून. वैद्यकाकांच्या मनात गरम पाण्याची पिशवी आली असणार किंवा वाळूची पुरचुंडी. मला क्षणभर वाटलं, सांगावं. पण बाबा बोलत होते, आणि मोठ्यांच्या मध्ये मी बोलत नसे. शिवाय जांभळ्या रेषा त्यांना दिसत होत्याच. त्यांना त्या कुठल्याशा औषधाच्या वाटल्या, हे नंतर कळलं.

तोंडासाठी त्यांनी जाईचा पाला उकळून, गार करून गुळण्या करायला सांगितल्या. ज्येष्ठमध उगाळून साजूक तुपात, दिवसातून चार वेळा आतून लावायला. आणि बाहेरच्या सुजेसाठी लेप. वेखंड, सुंठ, थोडी मोहरी. "शेकानंतर लेप लावला की सूज लवकर उतरते," ते म्हणाले. शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर होतं, फक्त शेक तो नव्हता.

शनिवारी दुपारी लेप लावला, रविवारी पुन्हा. आई म्हणाली, चुरचुरतंय. बाबा म्हणाले, म्हणजे लागू पडतंय. गुळण्यांनी मात्र तिला बरं वाटलं. रविवारी संध्याकाळी तिने वाटीभर पेज प्यायली आणि वाटी पुढे केली, आणखी दे म्हणून. दहा दिवसांत पहिल्यांदा.

सोमवारी मशीनच्या खोलीबाहेर तिने पदर बाजूला केला आणि तिथला टेक्निशियन म्हणाला, "रेषा कुठे गेल्या?"

रेषा लेपाबरोबर धुऊन गेल्या होत्या. त्यांच्या जागी फोड होते, दोन फुटलेले. किरणांनी आधीच भाजलेल्या कातडीवर सुंठ-मोहरी. टेक्निशियनने छोट्या डॉक्टरांना बोलावलं. त्या केरळच्या, मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकत होत्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना छोट्या डॉक्टर म्हणायचो. त्यांचं मराठी चार-पाच महिन्यांचं होतं.

त्यांनी आईला विचारलं, "मावशी, बाहेरचं काही केलं?"

आई एकदम ताठ झाली. "बाहेरचं? आमच्यात तसलं काय नाय. आमच्या घरात कोणाच्या अंगात येत नाय."

छोट्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. 'बाहेरचं' म्हणजे भूतबाधा, असं आईने घेतलं होतं. त्यांना बाहेरचं औषध म्हणायचं होतं. आणि तसं विचारलं असतं तरी आई नाहीच म्हणाली असती. पालघरचे वैद्यकाका बाहेरचे कसे? बाहेरचं होतं ते हे हॉस्पिटल. छोट्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'इतर उपचार: नाही.' लिहिताना मी पाहिलं. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं.

रेडिएशन थांबवलं. कातडी भरेपर्यंत बंद. किती दिवस, ते सांगता येत नाही, असं म्हणाले.

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. मला सगळ्यांचा राग आला होता. बाबांचा, वैद्यकाकांचा, 'सगळ्यांना होतं' म्हणणाऱ्यांचा. तोंड आल्यावर पेशंटने काय करायचं, याचं उत्तर हॉस्पिटलात कुणाकडे असतं तर आम्ही पालघरला गेलोच नसतो. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत काहीतरी असायचं. कुणाकडे हळदीचं तूप, कुणाकडे कसली पुडी, कुणाकडे अंगारा. डॉक्टर दिसले की पिशव्या पायाखाली जायच्या. सगळ्यांना माहीत होतं आणि कागदावर सगळ्यांचं 'नाही' होतं. पण सगळ्यात जास्त राग कुणाचा आला होता, ते जिन्यात उभं राहिल्यावर कळलं. दोन्ही खोल्यांत मी हजर होते. दोन्हीकडची भाषा मला येत होती.

मी परत गेले आणि छोट्या डॉक्टरांना इंग्रजीत सगळं सांगितलं. शेक, लेप, जाईचा पाला, ज्येष्ठमध. बाबा रेडिएशन का म्हणत नाहीत, तेही. बोलताना माझा आवाज इतका लहान झाला की त्यांनी दोनदा पुन्हा विचारलं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि गुळण्यांनी खरंच खाता आलं?"

"वाटीभर पेज."

"किरणांच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मी इथे कुठल्याच पेशंटला वाटीभर काही खाताना पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांना सांगावंच लागेल.

मोठे डॉक्टर मात्र रागावले. सगळ्यांच्या देखत. "वैद्याकडे जायचं असेल तर यांना घेऊन जा. दोन्हीकडे पाय ठेवून चालणार नाही. इथे मशीनसाठी लोक महिनाभर थांबलेत." आई उठून उभी राहिली. तिला वाटलं, जा म्हणाले म्हणजे जायचं. मी तिचा हात धरून खाली बसवलं. छोट्या डॉक्टरांनी गुळण्यांचं केसपेपरवर लिहू का, असं विचारलं. ते म्हणाले, हॉस्पिटलच्या कागदावर दुसऱ्या पॅथीचं नाव लिहिता येत नाही. तसा रकाना नाही.

रकाना नाही. अजूनही हे आठवलं की मला काहीतरी फेकावंसं वाटतं.

त्या शनिवारी मी बाबांना म्हणाले, वैद्यकाकांशी आज मी बोलेन. ते माझ्याकडे बघतच राहिले. मी वैद्यकाकांना सांगितलं की शेक म्हणजे गरम पाणी नव्हे, किरण आहेत, प्लांटमध्ये ज्यांच्यापासून जपतात तशा जातीचे. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुढ्यातला खलबत्ता बाजूला सरकवला.

"मी विचारायला हवं होतं, कसला शेक," ते म्हणाले. मग बाबांकडे वळले. "आणि तुम्ही सांगायला हवं होतं."

बाबा खाली बघून म्हणाले, "गावात बोलतात ओ, वैद्यकाका."

"गाव काय, मी मेलो तरी बोलणार आहे."

नंतर त्यांचाही अभिमान वर आला. "त्यांना सांग, आमचं शास्त्र वाचा आणि मग नावं ठेवा." मी म्हणाले, हे मी सांगणार नाही. तुम्ही काय देता, त्यात काय असतं, तेवढं लिहून द्या. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं. त्यांनी पानभर मराठीत लिहिलं. तिन्ही औषधांतली प्रत्येक वस्तू, प्रमाण, का देतो ते. शेवटी एक ओळ: 'लेप माझ्या गैरसमजामुळे दिला. तो बंद केला आहे. गुळण्या आणि ज्येष्ठमध-तूप यांबाबत आपला निर्णय कळवावा.'

त्याचं इंग्रजी मी केलं. जाईला 'जॅस्मिन' लिहिलं, ज्येष्ठमधाला शब्दकोश लागला.

छोट्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. गुळण्या चालतील, पाणी उकळून गार केलेलं हवं. तूप किरणांच्या आधी दोन तास लावायचं नाही, तोंड स्वच्छ धुऊन यायचं. गालावर बाहेरून काहीही नाही. पोटात घ्यायचं दुसरं काहीही नाही, आणि भस्म तर अजिबात नाही. खाली सही. "मागच्या बाजूला रकाने नसतात," त्या म्हणाल्या.

पुढचे आठवडे तो कागद पालघर आणि मुंबईमध्ये फिरत राहिला. वैद्यकाका त्याच्याखाली लिहायचे, छोट्या डॉक्टर त्याच्याखाली. एकदा वैद्यकाकांनी एक काढा सुचवला, त्यांनी नको लिहिलं आणि रक्ताचा रिपोर्ट दाखवून कारण दिलं. वैद्यकाकांनी खाली लिहिलं, 'मान्य.' ती दोन माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत.

खंड अकरा दिवसांचा पडला. नंतर राहिलेलं रेडिएशन पूर्ण झालं. नळी घालावी लागली नाही. ती गुळण्यांमुळे लागली नाही, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही, आणि ज्यांना माहीत करून घेता आलं असतं त्यांच्याकडे रकाना नव्हता. कुणी तुम्हाला सांगेल की जाईच्या पाल्याने कॅन्सर जातो, तर तिथून उठा. आईची गाठ किरणांनी गेली. पाल्यामुळे तिला पेज गिळता आली, आणि पेज गिळता आली म्हणून ती किरण घ्यायला जात राहिली. त्या दोन गोष्टींत मला भांडण कधी दिसलं नाही.

त्या अकरा दिवसांनी काय केलं, हे मी छोट्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कदाचित काही नाही, आणि कदाचितबरोबरच तुला राहावं लागेल. दर तपासणीच्या आधी मी त्या कदाचितबरोबर राहते.

आईचं तोंड आता दोन बोटं उघडतं. स्नायू आखडल्यामुळे असं होतं, याला ट्रिसमस म्हणतात. ती भात मऊ करून खाते, बोंबील कुस्करून. बाजारात पुन्हा बसते. भाव करताना पूर्वीसारखा आवाज निघत नाही, तर म्हणते, आता गिऱ्हाईकच वाकून ऐकतं, बरं हाय.

छोट्या डॉक्टर शिक्षण संपवून गेल्या. मी त्यांचे आभार नीट मानले नाहीत. शेवटच्या दिवशी नुसती मान हलवली. वैद्यकाकांनी दवाखान्यात प्रत्येक पेशंटला विचारायची एक नवी सवय लावून घेतली आहे: "दुसरीकडे काय चालू आहे? त्याचा कागद आणा, नुसतं नाव सांगू नका." बाबा अजून दांडीत शेकच म्हणतात. पण दवाखान्यात पाऊल टाकलं की रेडिएशन म्हणतात, जरा मोठ्यानेच.

गेल्या तपासणीला एक नवे, अगदी तरुण डॉक्टर होते. कागदावर खाली मान घालून त्यांनी विचारलं, "बाहेरचं काही घेता का?"

आई हसली. दोन बोटं उघडलेल्या तोंडाने जेवढं हसता येतं तेवढं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, तू सांग त्याला. सगलं सांग."

मी केसपेपर त्यांच्या हातातून घेतला, उलटा केला आणि सांगायला सुरुवात केली.